वाल्सूर्दच्या खासदाराचा पट्टा

मी एक जुना पट्टा आहे. कमरेला बांधतात तसला नव्हे. उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेपर्यंत तिरका रुळणारा, निळा, पांढरा आणि तांबडा रेशमी पट्टा. खाली सोनेरी गोंडे. आमच्याकडे मेयर आणि खासदार समारंभाला असा पट्टा घालतात. मेयरचा निळा रंग गळ्याकडे असतो, खासदाराचा तांबडा. आज आपला रोजचाच माणूस आला आहे की पॅरिसहून मोठा माणूस आला आहे, हे लोक तेवढ्यावरून ओळखतात.

आता माझा तांबडा रंग विटकरी झाला आहे आणि पांढऱ्यावर पिवळे डाग पडले आहेत. वाल्सूर्दच्या मेयर कचेरीत एका काचेच्या कपाटात मी घडी होऊन पडलेला असतो. मित्रांनो, ते कपाट उघडलेत तर तुम्हाला तळ्याच्या गाळाचा वास येईल. घाबरू नका. तो वास मला कसा लागला, तेच सांगायचे आहे.

लियों शहरातल्या एका मागावर माझे रेशीम विणले गेले. गोंडे शिवणाऱ्या बाईने सुई टोचली म्हणून बोट तोंडात घातले आणि मला म्हणाली, "आता कुणाच्या पोटावर जाऊन बसतोस कोण जाणे!"

ते पोट आन्सेल्म रुकेत यांचे निघाले. रुकेत साहेब गुरांचे डॉक्टर होते. आमचा जिल्हा डोंगराळ. थंडी फार, माणसे थोडी आणि गाई पुष्कळ. जिल्ह्यातल्या प्रत्येक गोठ्यात साहेबांचा हात कोपरापर्यंत कुठल्या ना कुठल्या गाईच्या पोटात गेलेला होता. त्यामुळे ते निवडणुकीला उभे राहिले, तेव्हा त्यांना ओळख करून द्यावी लागली नाही.

गुरांच्या बाजारात एका शेतकऱ्याने त्यांना विचारले, "डॉक्टर, तुम्ही डावे की उजवे?"

"गाय दूध डावीकडून देते की उजवीकडून, असं कधी विचारलंस का तिला?" साहेब म्हणाले.

"नाही. पण लाथ दोन्हीकडून बसते!"

सगळा बाजार हसला. साहेब सर्वांत जास्त हसले आणि निवडून आले. पुढे ते इतक्या वेळा निवडून आले की शाळेतल्या मुलांनी त्यांच्याशिवाय दुसरा खासदार पाहिलेलाच नव्हता.

पॅरिसच्या सभागृहात ते मधल्या बाकांवर बसत. तिथे मी त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात घडी होऊन असे. त्यामुळे मी तिथे कधी काही पाहिले नाही. ऐकले मात्र सगळे. डावीकडून आरडाओरडा, उजवीकडून आरडाओरडा, आणि मध्ये साहेबांच्या छातीची संथ धडधड. भांडण फार वाढले की ते दोन्हीकडच्या एकेकाला बाहेर कॉफीला नेत. परत येत तेव्हा काहीतरी ठरलेले असे.

आमच्या जिल्ह्याचे प्रसूतिगृह बंद होणार होते, ते निम्म्या खाटांवर राहिले. आगगाडी बंद होणार होती, ती दिवसाआड धावू लागली. डोंगरातल्या शाळांचे वर्ग एकमेकांत मिसळले, पण शाळा टिकल्या. लोक म्हणत, अगदीच काही नसण्यापेक्षा बरे. त्यांनी साहेबांना प्रेमाने एक नावही ठेवले होते. अर्धेसाहेब. खानावळीचा मालक मुद्दाम अर्धाच पेला भरून पुढे करायचा. "घ्या साहेब, तुमचा नेहमीचा!"

मला त्या माणसाचा अभिमान वाटत असे. फीत कापताना मी त्यांच्या छातीवर असे, आणि त्या छातीत कपट नव्हते. हे मी आजही सांगेन.

मग वाल्सूर्दच्या धरणाची गोष्ट आली.

वाल्सूर्द हे दरीतले गाव. चर्चजवळ वरची आळी, ओढ्याजवळ खालची आळी. वीज कंपनीला सबंध दरी पाण्याने भरायची होती. गावाला एक थेंबही नको होता. गावकरी ट्रॅक्टर रस्त्यात आडवे लावून बसले, पोलीस आले, दगड उडाले. साहेबांनी दोन्हीकडच्यांना बसवले आणि मधली रेघ काढली. खालची आळी आणि दफनभूमी पाण्याखाली जाणार, वरची आळी राहणार. खालच्यांना वर नवी घरे मिळणार, थडगी वर हलवणार. वर्तमानपत्रांनी त्यांचे फार कौतुक केले.

त्या रेघेच्या नेमके वर एक बुटके दगडी घर होते. तिथे झेली बुर्दोंक्ल नावाची विधवा बाई चार बकऱ्या पाळून राहत असे. एका दुपारी साहेब एका समारंभाहून परतताना, मी अंगावर असतानाच, तिच्याकडे गेले.

"ये रे गुरांच्या डॉक्टरा," ती दारातूनच म्हणाली. "बकऱ्या धड आहेत. तुला कुणी बोलावलं?"

"झेलीकाकू, धरणाचं सांगायला आलो."

"धरणाचं सगळेच सांगतात. पाण्याचं सांग. कुठवर येणार?"

तिच्या दारातून दगडी पायऱ्या ओढ्याकडे उतरत होत्या. साहेबांनी खालच्या एका फुटक्या पायरीकडे बोट दाखवले. "तिथवर. त्याच्या वर नाही. शब्द देतो."

"अर्धा की पूर्ण?"

साहेब हसले. "पूर्ण."

तिने हात एप्रनला पुसले आणि माझे टोक दोन बोटांत धरून पाहिले. "रेशीम खरं आहे," ती म्हणाली. "आता माणूस कसा निघतो ते बघू. बस. सूप पिऊन जा."

ते सूप कोबीचे होते. साहेबांनी पाव बुडवून बुडवून वाटी चाटून पुसून खाल्ली.

पुढच्या हिवाळ्यात कंपनीचा इंजिनिअर पॅरिसला आला. पाणी आणखी दोन पुरुष उंचीने वर घेतले तर भिंतीचा खर्च तोच आणि वीज कितीतरी जास्त, असे त्याचे म्हणणे होते. चर्च वाचेल, वरची आळी वाचेल.

"मग बुडेल काय?" साहेबांनी विचारले.

"एक घर. म्हातारीचं. तिला वर दुसरं बांधून देऊ ना."

साहेबांनी कॉफीत चमचा ढवळला. मग म्हणाले, "एकच ना? ठीक आहे. मी स्वतः जाऊन सांगतो तिला."

त्या शनिवारी अंदाजपत्रकाचे मतदान निघाले. पुढच्या शनिवारी त्यांची पत्नी ओदेत तापाने आजारी होती. मग त्यांनी वाल्सूर्दचा मेयर प्युएश याला फोन करून निरोप दिला. प्युएशला वाटले, असले निरोप कंपनीची माणसे देतात. कंपनीची माणसे गेली तेव्हा खिडक्यांच्या फळ्या लावलेल्या होत्या. शेजारी म्हणाले, बकऱ्या विकल्या तिने, दूर बेझिए शहरात भाचीकडे गेली असेल. घर पाडायलाही मग वेळ उरला नाही. मित्रांनो, या सगळ्यात कुणीही खोटे बोलले नाही. जो तो आपल्यापुरते थोडेसे करून निघून गेला.

आणि पाणी चढले.

उद्घाटनाला लख्ख ऊन होते. बँड होता, मंत्री होते, सगळी दरी निळ्या पाण्याने भरलेली होती. साहेबांनी कात्री हातात घेतली आणि एकदम त्यांच्या छातीचा एक ठोका चुकला. मला तो स्पष्ट जाणवला.

गर्दीच्या मधोमध झेली उभी होती. काळी शाल, पायांत लाकडी बूट. तिच्या भोवती हातभर जागा रिकामी होती. गर्दी एवढी दाटलेली, पण त्या जागेत कुणी पाय टाकत नव्हते. आणि आपण टाकत नाही हे कुणाच्या ध्यानातही आलेले दिसत नव्हते. तिच्या घागऱ्याची कड ठिबकत होती.

"प्युएश," साहेब हळूच म्हणाले, "ती झेलीकाकू ना?"

"कुठे?" मेयरने डोळ्यांवर हात धरला. "नाही हो साहेब, ती बेझिएला. कापा फीत, मंत्री खोळंबलेत."

साहेबांनी फीत कापली. पुन्हा पाहिले तर ती जागा भरून गेली होती.

घरी ओदेतने मला त्यांच्या खांद्यावरून काढले आणि चपापली. "आन्सेल्म, हा ओला कसा? पाऊस तर नव्हता."

"घाम असेल."

तिने माझे टोक नाकाशी नेले. "घामाला गाळाचा वास येतो?"

त्यानंतर ती प्रत्येक वेळी आली. पुलाच्या उद्घाटनाला आली, अग्निशमन दलाच्या नव्या गाडीच्या पूजनासारख्या छोट्या समारंभाला आली, शाळेच्या बक्षीस समारंभात पालकांमध्ये येऊन उभी राहिली. कधी बोलली नाही, कधी बोट रोखले नाही. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दारात उभे राहून माणूस कुणाची तरी वाट पाहतो तशी ती साहेबांकडे पाहत असे. एकदा साहेब भाषण अर्धवट सोडून तिच्याकडे चालत गेले. लोकांना वाटले, साहेब हात मिळवायला खाली उतरले. टाळ्या पडल्या. ते त्या जागी पोहोचले तेव्हा तिथे फक्त ओली फरशी होती, आणि भर उन्हात ती वाळत नव्हती.

घरी आल्यावर ओदेत मला दोरीवर टाकी. दुसऱ्या दिवशी वाळलेल्या रेशमावर पिवळा डाग उमटे. ती इस्त्री फिरवे, डाग तसाच राही. पुढे तिने नवऱ्याला काही विचारणे सोडून दिले. समारंभाहून परतल्यावर ती नुसता हात पुढे करी आणि मला घेऊन अंगणात जाई.

एके दिवशी दुपारच्या जेवणानंतर साहेबांनी बेझिएला फोन लावला. मी खुर्चीच्या पाठीवर होतो.

"तुमच्या मावशी, झेली बुर्दोंक्ल, त्यांच्याशी बोलायचं होतं."

पलीकडून भाची म्हणाली, "मावशीशी? माझ्याकडे? ती कधी आलीच नाही इथे."

साहेबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला वाटलं, तुम्ही लोकांनी तिला नवीन घर दिलंत. दिलं ना? हॅलो? कोण बोलतंय?"

साहेबांनी फोन खाली ठेवला. ओदेत दारात उभी होती. "कुणाला केलास फोन?" तिने विचारले. साहेबांनी तिला सगळे सांगितले. ती त्यांच्या शेजारी बसली, आणि टेबलावरची कॉफी दोघांनीही प्यायली नाही.

धरणाची भिंत तपासण्यासाठी काही वर्षांनी तळे रिकामे करावे लागते. तसे ते केले गेले. पाणी उतरत गेले आणि दरी वर आली. राखाडी, गुळगुळीत, सगळीकडे सारखीच. झाडांचे बुंधे उभे होते, भिंती उभ्या होत्या, ओढ्यावरचा पूल होता तसा होता. पाहायला दूरदूरहून माणसे आली. पोरेटोरे चिखलात उतरू नयेत म्हणून पोलीस उभे केले होते, पण कुणी उतरत नव्हते. गर्दी असूनही कुणी मोठ्याने बोलत नव्हते.

साहेबांनी मला घातले आणि मेयर प्युएश व एक गवंडी यांच्याबरोबर खाली गेले. झेलीच्या घराचे छप्पर अर्धे खचलेले होते. दार मात्र बंद होते. गवंड्याने खांदा लावला, मग पहार लावली.

"साहेब," तो म्हणाला, "ह्याला आतून अडसर आहे."

प्युएशने टोपी काढून हातात घेतली.

दार पडले तसे आतले पाणी आमच्या पायांवरून वाहत गेले. खोलीत टेबल होते, चूल होती. दाराशी लाकडी बूट नीट जोडीने ठेवलेले होते. माणूस नव्हते. हाड नव्हते, चिंधीही नव्हती. गवंड्याने गाळ फावड्याने ओढून ओढून पाहिला, तरी काही नव्हते.

"भिंत बघा," प्युएश म्हणाला.

भिंतीच्या दगडांवर सुरीने आडव्या रेघा कोरलेल्या होत्या. सर्वांत खालची जमिनीलगत. तिच्यावर दुसरी, तिच्यावर आणखी एक. पाणी जसजसे चढले, तसतशी तिने खूण केली होती. रेघा नीट होत्या, घाईने ओढलेल्या नव्हत्या. ठेंगणी बाई टेबलावर उभी राहून हात वर करील, तिथपर्यंत त्या गेल्या होत्या. मग थांबल्या होत्या.

"पण ती बाहेर का नाही आली?" प्युएश पुटपुटला. "वर जायला वाट होती. आम्ही सगळे वरच होतो."

साहेबांनी सर्वांत वरच्या रेघेवर बोट ठेवले. "तिला कुणी सांगितलं होतं," ते म्हणाले, "की पाणी थांबेल."

माझ्या गोंड्यांतून गाळाचे पाणी ठिबकत होते. मी तर भिंतीला लागलोही नव्हतो.

पोलिसांनी तिला बेपत्ता ठरवले. तळे पुन्हा भरले. साहेब पुन्हा निवडून आले, कारण या गोष्टीत त्यांचा दोष कुणाला दिसलाच नाही. त्यांनी जिथे तिथे सांगून पाहिले. लोक त्यांच्या खांद्यावर हात ठेवत आणि म्हणत, "साहेब, तुम्ही फार मनाला लावून घेता." तुम्हीच सांगा मित्रांनो, ज्याला कुणी दोषच देत नाही, त्याने क्षमा मागायची कुणाकडे?

साहेब म्हातारे झाले तेव्हा धरण उंच करण्याचा प्रस्ताव सभागृहात आला. शहरांना अधिक वीज हवी होती. या वेळी वरची आळीही जाणार होती, चर्चसुद्धा. एका बाजूला अमुक मते, दुसऱ्या बाजूला तितकीच. मधले बाक वळतील तिकडे निकाल. मतदानाआधी मधल्या बाकांचा पुढारी साहेबांना बाहेर घेऊन गेला.

"रुकेत, तुमचा हातखंडा आहे हा," तो म्हणाला. "अर्धी उंची सुचवा. चर्च ठेवू, घरं देऊ. संध्याकाळच्या आत संपवू."

"त्या आळीत कोण राहतं, माहीत आहे?"

"तुम्हाला माहीत आहे, तेवढं पुरे की!"

साहेब सभागृहात परतले. खिशात मी ओला होऊ लागलो. आधी कडा, मग सगळा. इतका जड झालो की कोटाचे अस्तर ओढले जाऊ लागले. साहेबांचे नाव पुकारले गेले. ते व्यासपीठावर गेले आणि त्यांनी मला खिशातून काढून खांद्यावर घातले. सभागृहात असे कुणी करत नाही. कुणीतरी हसले. मग माझ्यातून लाकडी जिन्यावर थेंब पडू लागले, आणि तो आवाज सगळ्यांना ऐकू आला.

मी पहिल्यांदाच ते सभागृह पाहिले. तांबडे बाक, अर्धवर्तुळात वर वर चढत गेलेले. मधल्या बाकांवर साहेबांची जागा रिकामी होती. तिच्या डाव्या-उजव्या बाजूचे खासदार थोडे सरकून बसले होते. का, ते त्यांना विचारले असते तर सांगता आले नसते.

"मी इथे आयुष्यभर मधली रेघ काढत आलो," साहेब म्हणाले. "ती काढताना रेघेवर कोण राहतं, ते मी एकदाच जाऊन पाहिलं. तिचं नाव झेली बुर्दोंक्ल. मी तिला शब्द दिला, तो बदलला, आणि तिला सांगायला गेलो नाही. माझं मत विरोधात आहे. अर्धं नाही. सगळं."

"अर्धेसाहेब पूर्ण झाले!" उजवीकडून कुणीतरी ओरडले. या वेळी कुणी हसले नाही.

मधले बाक फुटले आणि प्रस्ताव पडला. वाल्सूर्दची वरची आळी वाचली.

पण पुढच्या निवडणुकीत साहेबांना पक्षाने उभे केले नाही. ते एकटे उभे राहिले आणि पडले. धरणाच्या कामावर ज्यांना नोकऱ्या मिळणार होत्या, ती माणसे रस्त्यात त्यांना पाहून तोंड फिरवत. खानावळीच्या मालकाने पेला काठोकाठ भरून समोर आदळला आणि पाठ फिरवली. लोकांना अर्धेसाहेब आवडत होते. हा नवा माणूस त्यांना परका वाटला.

साहेब आणि ओदेत वाल्सूर्दच्या वरच्या आळीत राहायला गेले. मला कपाटात टाकले गेले. तिथे कसर लागली, उंदरांनी एक गोंडा नेला.

एका शरदातल्या दुपारी साहेबांनी मला बाहेर काढले. आता मला घालण्याचा त्यांना हक्क नव्हता. त्यांनी जुन्या कोटावर मला घातले.

"कुठे निघालास?" ओदेतने विचारले.

"सांगून येतो," ते म्हणाले.

खालच्या आळीचा जुना रस्ता अजूनही आहे. तो उतरत जातो आणि सरळ पाण्यात शिरतो. साहेब काठीच्या आधाराने तिथपर्यंत गेले. वारा नव्हता. पाण्यावर सुरकुती नव्हती.

"झेलीकाकू," ते मोठ्याने म्हणाले, "पाणी दोन पुरुष वर येणार होतं. मला कळलं होतं. तुला सांगायचं राहिलं."

ते थांबले. खोलवरून बकरीच्या गळ्यातल्या घंटेसारखा एक आवाज आला. एकदा, आणि पुन्हा, थोडा दूर. मग पाणी त्यांच्या बुटांपासून जराशी रेतीची कड उघडी ठेवून मागे सरले. एवढेच झाले. आम्ही आलो तसे चढ चढून परत गेलो, आणि ओदेतने हात पुढे केला तेव्हा मी कोरडा होतो. तिने मला गालाला लावून पाहिले आणि मग ती रडली.

त्या हिवाळ्यात साहेब झोपेत गेले. प्युएश म्हणाला, पट्टा त्यांच्याबरोबर पुरू या. ओदेत म्हणाली, "नको. याला वर ठेवा. पोरांना दिसेल असं."

म्हणून मी या कपाटात आहे. मित्रांनो, वर्षातून एकदा मला उन्हात टाका, घडी उलटी करा, कडुनिंब नसला तरी लव्हेंडरची चार फुले ठेवा. रेशमाला याहून जास्त लागत नाही. आणि आणखी एक मागणे आहे. तुम्हीही मोठेपणी कुणाला शब्द द्याल. सगळे शब्द पाळता येत नाहीत, हे मी जवळून पाहिले आहे. मोडावा लागला तर मोडा, पण स्वतः जाऊन सांगा. खिडक्या लावलेल्या दिसल्या तरी परत फिरू नका. दार वाजवा. पुन्हा वाजवा. आत कुणीतरी तुमच्या शब्दावर बसलेले असते.